दिवस भरले म्हणजे किती?

मी पहिलटकरीण. एकोणचाळिसावा आठवडा लागला तेव्हा ‘कळा आणा, मोकळी करा’ असे डॉक्टरांना सांगावे, असे वाटू लागले. पाय सुजले होते, वर्गात उभे राहणे होत नव्हते. आई म्हणाली, “फळ पिकलं की आपसूक पडंल बाई, घाई कशापाई?” तिची चारही बाळंतपणे सुईणीच्या हातून झाली. दिवस कोण मोजतो? माझी जन्मतारीख एक जून, मास्तरांनी लावलेली.

पण इथे सारे मोजण्यावरच आहे. पाळीची तारीख चुकली तर ३९ चे समजलेले मूल ३७ चेही निघते, आणि त्याला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मोलाची. रक्तदाब वाढला असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा थांबणेच घातक.

अमेरिकेत ६१०६ पहिलटकरणींचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणण्याच्या गटात सिझेरियन १८.६ टक्के, वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के. म्हणजे मागणी वेडगळ नाही. पण गर्भाशयाचे तोंड कच्चे असेल तर कळा आणायला दिवस-दोन दिवस जातात. तेवढा धीर आपल्या गच्च भरलेल्या वॉर्डात कोण धरणार? जागतिक आरोग्य संघटनाही गुंतागुंत नसेल तर ४१ आठवड्यांपूर्वी कळा आणण्याची शिफारस करीत नाही.

मी विचारले, “तोंड मऊ झाले आहे का?” नर्सबाईंनी वर पाहिले. “शिकलेल्या दिसता.” होय, घरात पहिलीच. डॉक्टरांनी तपासले, कच्चे होते. रक्तदाब ठीक होता. बाळाच्या हालचालीवर रोज लक्ष ठेवीत मी थांबायचे ठरवले.