नखं पिवळी, छातीत पाणी

‘नखं पिवळी पडली म्हणजे फुप्फुसं खराब झाली का?’ मोबाइलवर फिरणारा नखांचा रंगीत तक्ता पाहून सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे. तसं मुळीच समजू नका. सोलापुरात पिवळ्या नखांची साधी कारणं भरपूर आहेत: तंबाखू, हळद, नखांतली बुरशी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या बायांची नखं बघून कोणी आजार सांगू लागला, तर त्याला आधी थांबवायला हवं.

मात्र नखं आणि छाती यांना जोडणारा एक आजार खरोखर आहे. ‘यलो नेल सिंड्रोम’ दहा लाखांत एखाद्यालाच होतो, तोही बहुधा पन्नाशीनंतर. १९६४ साली ब्रिटनमध्ये सॅमन आणि व्हाइट यांनी १३ रुग्णांची पिवळी नखं आणि सुजलेले पाय यांची सांगड घातली. दोन वर्षांनी एमर्सन यांनी त्यात छातीतलं पाणी जोडलं. पीटर सॅमन यांचं मला फार कौतुक वाटतं. ज्या नखांकडे डॉक्टर ओझरतं पाहत, त्यांच्या आजारांवर या त्वचारोगतज्ज्ञाने १९६५मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं!

या आजारात नखं जाड होतात, आडवी वळतात, बुडाशी असलेली पांढरी चंद्रकोर दिसेनाशी होते. निरोगी नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. हे आजारी नख एक मिलिमीटरही वाढत नाही. संशय आहे तो लसीकावाहिन्यांवर. उजनीच्या पाण्यावरच्या उसाच्या रानात चर बुजले, की पाणी निघत नाही आणि जमीन चोपण होते. ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या या बारीक चरांचंही तसंच होत असावं. म्हणून पाय सुजतात, फुप्फुसाभोवती पाणी साठतं.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा आजार ओळखणं आणखी अवघड. सुजलेला पाय दिसला की हत्तीरोग आठवतो, कारण तो इथला जुना रहिवासी. छातीत पाणी म्हटलं की क्षय, आणि ती शंका आधी घेणं योग्यच. पण क्षय आणि यलो नेल सिंड्रोम या दोन्ही आजारांत छातीतल्या पाण्यात लिम्फोसाइट पेशीच जास्त सापडतात. त्यात, यलो नेल सिंड्रोममध्ये नखं, पाय आणि छाती एकाच वेळी बिघडतीलच असं नाही, मध्ये काही वर्षंही जातात. नखं त्वचेच्या डॉक्टरांकडे, पाय दुसरीकडे, छाती तिसरीकडे. क्षयाचे जंतू सापडत नाहीत, काढलेलं पाणी पुन्हा भरतं, अशा वेळी रुग्णाचे मोजे उतरवून वीसही नखं पाहायला मिनिटभर लागतं. तंबाखू-हळदीचा नुसता डाग असेल तर तो ठरावीक बोटांवर असतो आणि बुडातून स्वच्छ नख वर येताना दिसतं.

इलाजाच्या दाव्यांबाबत मात्र जपून. ई जीवनसत्त्वाचा गवगवा आहे. पण काहींची नखं औषधाशिवायही सुधारतात, त्यामुळे श्रेय गोळीला द्यायचं कसं? दातांतल्या टायटॅनियमवर ठपका ठेवणारा २०११चा अभ्यासही अगदी थोड्या रुग्णांवरचा आहे. छातीतल्या पाण्याला मात्र छातीच्या डॉक्टरांकडे खात्रीचे उपाय आहेत: ते काढणं, आणि वारंवार साठत असेल तर फुप्फुसाची दोन आवरणं एकमेकांना चिकटवून टाकणं.