घरचे विणकाम-यंत्र आणि नमुन्याचे मोल

विणकाम-यंत्रासारखा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या यंत्रावर घरात बसून कुणी पैशासाठी राबते, ते यंत्र म्हणजे कारखानाच होय; मग तो खिडकीजवळच्या टेबलावर मावणारा का असेना. खडकवासल्याच्या परिसरात अशी यंत्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांवर स्वेटर, टोपडी, शाली होतात, त्या बहुधा साध्या विणीच्या. आणि साध्या विणीला दाम नाही. तसला माल लुधियान्याच्या होजिअरी कारखान्यांतून ढिगाने येतो. त्याच्याशी भावात झुंजणे घरच्या बाईला कधीच परवडणार नाही. तिच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे उठावाचे आणि नक्षीचे कापड. ते कसे निघते हे आधी पाहू, आणि मग त्याच्या दामाकडे वळू.

मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात. इथे धागा एकच, आणि तो फाशात फासा अडकवीत पुढे जातो. नेहमीच्या घरगुती यंत्राच्या पाटावर 200 सुया असतात, दोन सुयांत 4.5 मिलिमीटरचे अंतर. प्रत्येक सुईला पुढे आकडा आणि त्यावर मिटणारी एक लहानशी जीभ. वरून कॅरेज सरकली की सुई पुढे येते, जुना फासा जिभेच्या मागे जातो, आकडा नवा धागा पकडतो आणि सुई मागे हटताना जुना फासा जीभ मिटवून वरून निसटतो. झाला टाका. एका हेलपाट्यात सगळी ओळ.

आता गंमत अशी की, सगळा उठाव या क्रियेत मुद्दाम खोडा घालून मिळतो. काही सुयांवरचा जुना फासा निसटूच दिला नाही, तर आकड्यात एकावर एक धागे साठतात. दोन-चार ओळींनंतर ते सगळे एकदम विणले की कापड तिथे गोळा होते आणि मधाच्या पोळ्यासारखी घरे उमटतात. याला टक टाका म्हणतात. लागोपाठच्या दोन सुयांवर तो सहसा घेत नाहीत, कारण धागे सुटून लोंबतात. याउलट काही सुयांना धागाच दिला नाही, तर तो त्यांच्यावरून सरळ पुढे जातो. हा स्लिप टाका. सुया तेवढ्याच घेतल्या तरी टक टाक्याचे कापड रुंदावते आणि उंचीला आखडते, स्लिप टाक्याचे अंग चोरून अरुंद होते. म्हणून साध्या विणीच्या हिशेबाने सुया धरून नक्षीचा स्वेटर विणला, तर तो घरातल्या कुणालाच येत नाही! फासे हाताने उचलून शेजारच्या सुईवर ठेवले की जाळी होते. तीन फासे तिघांवरून ओलांडून घातले की वेणी. जाड, खरबरीत सूत आकड्यात न अडकवता एकाआड एक सुयांवर नुसते आडवे टाकले, तर ते विणीत चिमटले जाते आणि कापडाला घोंगडीचा पोत येतो.

कोणत्या सुईने काय करायचे हे लक्षात ठेवायला भोकांचे कार्ड असते. ही कल्पना फ्रान्समधल्या जकार्डची, 1804 च्या सुमाराची. सोलापुरी चादरीवरची नक्षी उठते ती त्याच्याच नावाच्या यंत्रावर. घरगुती यंत्राचे कार्ड बहुधा 24 घरांचे. इथे भोक आहे की नाही एवढेच कार्ड सांगते. त्याचा अर्थ कॅरेजवरचा खटका ठरवतो. त्यामुळे एकाच कार्डावर टक, स्लिप आणि दोन रंगांची वीण अशी तीन निराळी कापडे निघतात. नवे कार्ड विकत घेण्याआधी जुन्यावर सगळे खटके फिरवून पाहावेत, असे आम्ही सुचवू.

हे सगळे तुकड्यावर करून पाहायचे असते. आपल्या गावची केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाला 1916 साली स्थापन झालेली. तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात आणि मग खरी बांधणी होते. विणकामाचा नमुना हेच काम करतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण हे शीत नीट शिजलेले हवे. यंत्रावरून उतरलेला तुकडा उभ्या अंगाने ताणलेला असतो. तो रात्रभर पडू द्यावा, धुवावा, वाळवावा, आणि मग कडा सोडून मधोमध मोजावा. ॲक्रिलिकवर तापलेली इस्त्री टेकवू नये, उठाव कायमचा बसतो. आणि टाके उगाच गळू लागले तर कार्डाला दोष देण्याआधी सुयांवरची स्पंजाची पट्टी चेपली आहे का, ते पाहावे.

इतक्या खटपटीचा वेळ कोण मोजतो? समजा, एका बाईने नमुना बसविण्यात 12 तास घातले आणि त्या नमुन्याचे 10 स्वेटर विणले, प्रत्येकी 6 तासांत. मग एका स्वेटरची मेहनत 6 तासांची नसून 7 तास 12 मिनिटांची आहे. व्यापारी मात्र 6 तासांचाच भाव करतो, आणि नमुन्याला तिची ‘हौस’ म्हणून मोकळा होतो. असला हिशेब आम्ही गिरणीच्या फाटकावर मान्य केला नसता.

ही कुरकुर नवी नाही. विल्यम ली याने 1589 साली इंग्लंडमध्ये पहिले विणकाम-यंत्र केले, ते साध्या विणीचे. त्यावर उलट-सुलट टाक्यांची लवचीक वीण काढण्याची जोडणी जेडेडाया स्ट्रट याने 1759 साली पेटंट केली. त्या विणीच्या मोज्यांवर तो मोठा कारखानदार झाला. कारागीर मात्र घरोघर भाड्याच्या यंत्रांवर नगावारी विणत राहिले. पुढे मालकांनी रुंद कापड कापून, शिवून हलके मोजे बाजारात ओतले, दर पाडले. तेव्हा 1811 साली नॉटिंगहॅम भागात यंत्रे फुटू लागली. यंत्र फोडणाऱ्यास फाशी देण्याचा कायदा 1812 साली झाला. त्याच्या विरोधात उमरावांच्या सभेत कवी बायरन बोलला. त्या कारागिरांना यंत्राचे वैरी म्हणण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस साफ नामंजूर आहे. यंत्रावरच तर त्यांची चूल पेटत होती. त्यांचे भांडण हलक्या मालाशी आणि पडलेल्या दराशी होते.

घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली ठराव केला, तो क्रमांक 177. आपल्याकडे 1948 च्या किमान वेतन कायद्यातही नगावर किमान दर ठरविण्याची तरतूद होती. पण नगाचा दर ठरला तरी नमुन्याचे तास त्यात कुणी धरायचे, हा प्रश्न उरतोच. ते तास विणणारीनेच लिहून ठेवल्याखेरीज कुणाला दिसणार नाहीत.

तेव्हा एक जाड वही घालावी. प्रत्येक तुकडा तिच्यात टाचावा. शेजारी सूत, ताणाचा आकडा, कार्ड, खटका, धुण्यापूर्वीचे आणि नंतरचे माप, आणि लागलेले तास. एका आळीतल्या चार-पाच जणींनी दर आपसांत ठरवून मगच दुकानाची पायरी चढावी. एकीने उतरवला की सगळ्यांचा उतरतो. व्यापाऱ्याला दाखवायला चार बोटांचा तुकडा पुरतो. कार्ड आणि वही घरी ठेवावी.