पहिला कन्सोल घेताना

सर्वांत आधी ठरवायचं ते हे, की डिस्क लागणार की नाही. एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ची डिजिटल आवृत्ती यांत डिस्क ड्राइव्ह नसतो. यंत्र स्वस्त पडतं, पण पुढचा प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरमधूनच घ्यावा लागतो आणि तो खेळून झाल्यावर विकता येत नाही. डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. शिवाय प्लेस्टेशन ५वर प्लेस्टेशन ४च्या बहुतेक डिस्क चालतात. म्हणजे सेकंडहँड बाजारातले उत्तम जुने खेळ पहिल्याच दिवशी आवाक्यात. घरात शाळकरी मुलं असतील आणि बजेट बेताचं असेल, तर थोडे जास्त पैसे ड्राइव्हवरच घालावेत, असं मला ठामपणे वाटतं.

निन्टेंडो स्विच आपल्याकडे बहुधा आयात होऊन येतो. वॉरंटी कोण देणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

प्लेस्टेशन ५मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ मोफत मिळतो. कंट्रोलर हातात बसायला याहून चांगली सुरुवात नाही. ‘इट टेक्स टू’ (२०२१) मुळात दोघांसाठीच बनवलेला आहे. भावंडांना किंवा नवरा-बायकोला एकत्र बसवणारा इतका सुंदर खेळ क्वचितच सापडतो! मात्र खोक्यात कंट्रोलर सहसा एकच असतो, दुसऱ्याचा खर्च धरा.

बऱ्याच डिस्कच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा असतो. तो आशय कोणत्या वयाला योग्य ते सांगतो. खेळ किती अवघड, ते नाही.