दिंडीचा ट्रक, राहुटी आणि स्टोव्ह

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या देहूरोड भागात दिंड्यांच्या तयारीला वेग येतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते आणि देहूतला पहिला मुक्काम आटोपून चिंचोली, देहूरोड, निगडी करीत आकुर्डीला पोहोचते. पालखीबरोबर चालणाऱ्या बहुतेक दिंड्यांचा एखादा ट्रक किंवा टेम्पो असतो. त्यात राहुट्या, अंथरुणे, शिधा, पाण्याची पिंपे आणि स्वयंपाकाचे सामान असते. पंढरपूरपर्यंत वारकऱ्यांचे घर म्हणजे हाच ट्रक.

वारीच्या आधी दवाखान्यात येणारे वारकरी बहुधा पाय दुखण्यावर किंवा जुलाबावर गोळ्या मागतात. पण एका लहान दिंडीच्या चालकांनी मला वेगळाच प्रश्न विचारला. "माउली, आमचा जुना स्टोव्ह आता मोडीत काढायचा आहे. टेम्पोत ठेवायला आणि राहुटीजवळ लावायला कोणता स्टोव्ह घ्यावा?"

वरवर पाहता हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न. पण भाजलेले हात आणि धुराने घुसमटलेली माणसे शेवटी डॉक्टरकडेच येतात. म्हणून आज त्याविषयी लिहितो. उत्तर थोडक्यात सांगायचे तर आधी जागा ठरवा, मग स्टोव्ह. चुकीच्या जागी लावलेला उत्तम स्टोव्हही घातकच ठरतो.

हौद्याचा धोका

ट्रकच्या मागच्या भागाला आपण हौदा म्हणतो. तळ बंद, चारही बाजूंना फाळके, वरून पावसासाठी ताडपत्री. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि हौद्याच्या तळाशी साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास येण्याआधीच तळाशी भडका उडण्याइतका गॅस जमू शकतो. मग समईची ज्योत, उदबत्ती, बिडी किंवा विजेच्या बटणाची एक ठिणगी पुरते.

समुद्रावर होडी घेऊन जाणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो. होडीचा तळही असाच बंद. त्यामुळे नीट बांधलेल्या होडीत सिलिंडर खोलीत न ठेवता वर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळातून गळलेला गॅस थेट होडीबाहेर जाईल अशी वाट ठेवतात. लाटेने भांडे सांडू नये म्हणून शेगडीला कठडा असतो. दिंडीचा ट्रक ही जमिनीवरची होडीच आहे, असे समजून चालावे.

हा धोका कागदावरचा नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी तामिळनाडूत मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला पहाटे आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला. उत्तर प्रदेशातून यात्रेला निघालेली ही मंडळी होती. नियम मोडून डब्यात गॅस सिलिंडर नेला होता आणि चहा करताना आग लागल्याचे रेल्वेने सांगितले. बंद डबा, झोपलेली माणसे आणि चहाची घाई. आपल्या वारीतली पहाट याहून फार वेगळी नसते.

कोणता स्टोव्ह?

पंपाचा स्टोव्ह : हवेच्या दाबावर चालणारा हा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये निघाला आणि आपल्या घराघरांत पोहोचला. आच जोरदार, पण टाकीत दाबाखाली रॉकेल असते. छिद्र बुजले, पिन मारताना ज्वाला उसळली किंवा रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असली तर भडका उडतो. हलत्या आणि अरुंद जागेसाठी हा स्टोव्ह नकोच.

वातीचा स्टोव्ह : यात दाब नसल्याने स्फोटाची भीती कमी. पण पेटता किंवा गरम असताना रॉकेल ओतू नये. तो कलंडला तर रॉकेल सांडून आग पसरते. शिवाय रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. असलेच तर पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल ते पिते. तसे घडल्यास मुलाला ओकारी काढायला लावू नका, कारण रॉकेल फुप्फुसात जाते. तडक रुग्णालय गाठा.

कोळशाची शेगडी व लाकडाची चूल : ही फक्त उघड्यावरच वापरावी. राहुटीत शेगडी म्हणजे विषारी वायूची भट्टी. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेला बर्नर : दिसायला सुटसुटीत, पण उंच आणि अरुंद. वर मोठे पातेले ठेवले की एका धक्क्यात सगळेच कोसळते. आचही सिलिंडरच्या अगदी जवळ. त्यात बाजारात बेकायदा भरून दिलेला लहान सिलिंडर असेल तर धोका दुप्पट. गॅस तापल्यावर फुगतो, त्यामुळे भरताना सिलिंडरमध्ये रिकामी जागा ठेवावी लागते. दुकानाच्या मागे काट्याशिवाय भरणारा ती ठेवील याची खात्री नाही.

वेगळी शेगडी, रेग्युलेटर आणि नळी : माझे मत याला. लहान दिंडीला गॅस कंपनीकडून मिळणारा ५ किलोचा सिलिंडर हाताळायला सोपा पडतो, मोठ्या दिंडीला १९ किलोचा लागतो. शेगडी बुटकी, रुंद पायांची आणि भांडे न घसरणारी असावी. सर्वांत मोठे पातेले दुकानात नेऊन शेगडीवर ठेवून पाहा. डुगडुगले तर ती शेगडी तुमच्यासाठी नाही.

घेताना आणि लावताना

नळी आयएसआय छापाची, आतून तारेची जाळी असलेली घ्यावी व पाच वर्षांनी बदलावी. चिरा पडल्या तर आधीच बदलावी. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर A, B, C किंवा D यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. A म्हणजे मार्चअखेर, B म्हणजे जूनअखेर, C म्हणजे सप्टेंबरअखेर आणि D म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीत सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

मुक्कामाला पोहोचल्यावर शेगडी व सिलिंडर दोन्ही खाली उतरवून उघड्यावर लावावेत. पाऊस असेल तर वर छप्पर ताणा, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा. सिलिंडर उभाच ठेवावा. जोडणीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे आगीला आमंत्रण. काम झाले की आधी सिलिंडरकडून गॅस बंद करावा. प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी लावावी, सिलिंडर दोरीने उभा बांधावा आणि ज्या हौद्यात माणसे बसली आहेत त्यात तो ठेवू नये.

वास आला तर बटण दाबू नका, मोबाइल वापरू नका, गाडी सुरू करू नका. ताडपत्री सोडा, फाळका पाडा, माणसे दूर न्या आणि लांब जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

न दिसणारा शत्रू

गॅस, कोळसा, लाकूड किंवा जनरेटर, काहीही कोंदट जागेत जळले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ आणि गुंगी. दिवसभर चालून दमलेल्या माणसाला वाटते, हा थकवाच आहे. झोपेत तर काहीच कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे थंडीमुळे बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यांत चार लहान मुले होती.

एकाच राहुटीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले तर हाच संशय घ्यावा. सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. करोनाच्या काळापासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेकांजवळ असते. त्यावर विसंबू नये. या विषबाधेत ते खोटा, चांगला आकडा दाखवते. जनरेटरही राहुटीपासून लांब, धूर तिकडे येणार नाही असा ठेवावा.

भाजल्यास

भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट, तेल काहीही लावू नका. सूज येण्याआधी बांगड्या व अंगठ्या काढा. फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून रुग्णालयात न्या. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा किंवा घोंगडी घट्ट लपेटा. लोकर सहजी पेटत नाही, म्हणून स्वयंपाकाजवळ एक घोंगडी नेहमी ठेवावी. चुलीशी काम करणाऱ्या बायाबापड्यांनी सुती कपडे घालावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा.

त्या चालकांना मी एवढेच सांगितले की शेगडी बुटकी आणि रुंद घ्या, सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवा आणि चूल व अंथरूण एका छताखाली कधीच आणू नका. हा शेवटचा नियम दिंडीत निघण्यापूर्वी सर्वांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. पहाटे तीनला आंघोळीचे पाणी तापवताना कोणालाच नियम आठवत नाहीत, म्हणून तो आधीच अंगवळणी पडलेला बरा.