ईमेलमधील माहितीचे स्वयंचलित निष्कर्षण

ईमेलमधील माहितीचे स्वयंचलित निष्कर्षण म्हणजे आलेल्या ईमेल संदेशांतून तारीख, रक्कम, मागणी क्रमांक, पत्ता यांसारखे ठरावीक घटक संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने वेचून ते तक्त्याच्या स्वरूपात साठवणे होय. एकाच साच्यातील शेकडो संदेश वाचून त्यांची हाताने नोंद करणे वेळखाऊ असते आणि त्यात चुकाही होतात. हेच काम काही ओळींच्या स्क्रिप्टने करता येते. त्यामुळे प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्यांसाठी हा एक उपयुक्त सराव आहे.

संदेशाची रचना

ईमेल पडद्यावर पत्रासारखा दिसत असला, तरी मुळात तो ओळींनी बनलेला मजकूर असतो. त्याचे शीर्षभाग व मुख्य मजकूर असे दोन भाग असून त्यांच्यामध्ये एक रिकामी ओळ असते. शीर्षभागात प्रेषक, प्राप्तकर्ता, विषय, दिनांक, संदेश-ओळखक्रमांक इत्यादी क्षेत्रे असतात. ही रचना १९८२ मध्ये आरएफसी ८२२ या दस्तऐवजात मांडली गेली. पुढे २००१ मध्ये आरएफसी २८२२ आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२२ या सुधारित आवृत्त्या आल्या.

मूळ रचना केवळ आस्की अक्षरांसाठी होती. इतर लिप्या व जोडपत्रे पाठवता यावीत म्हणून १९९२ मध्ये माइम हे मानक आले. त्यानुसार एकाच संदेशात साधा मजकूर, एचटीएमएल आणि जोडपत्रे असे अनेक भाग असू शकतात. हे भाग प्रवासात बेस६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबल या सांकेतिक रूपात असू शकतात.

कार्यपद्धती

पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातच या कामासाठी लागणारी साधने आहेत. काम साधारणपणे पाच टप्प्यांत होते.

१. जोडणी : 'आयमॅपलिब' या घटकाद्वारे टपालपेटीशी सुरक्षित जोडणी केली जाते. पेटी 'केवळ वाचनासाठी' उघडणे श्रेयस्कर, अन्यथा स्क्रिप्टने उचललेले संदेश 'वाचलेले' म्हणून नोंदले जाऊ शकतात.

२. निवड : प्रेषक, विषय किंवा दिनांक यांवरून हवे तेवढेच संदेश शोधले जातात.

३. उलगडा : 'ईमेल' या घटकाद्वारे संदेशाचे भाग वेगळे करून सांकेतिक मजकूर मूळ रूपात आणला जातो. साधा मजकूर उपलब्ध असल्यास तो एचटीएमएलपेक्षा सोयीचा ठरतो.

४. वेचणी : रेग्युलर एक्सप्रेशन या नमुना-वर्णनाच्या साहाय्याने 'एकूण रक्कम' अशा खुणेनंतर येणारा आकडा शोधला जातो.

५. साठवण : मिळालेली मूल्ये सीएसव्ही धारिकेत लिहिली जातात. सोबत संदेश-ओळखक्रमांक जपल्यास स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तरी तीच नोंद दोनदा होणे टाळता येते.

देवनागरी मजकूर

युटीएफ-८ या सांकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि बेस६४ दर तीन बाइटांची चार अक्षरे करते. 'नमस्कार' या शब्दात हलन्तचिन्ह व काना धरून सात चिन्हे आहेत. म्हणून तो बेस६४ मध्ये २८ आस्की अक्षरांचा होतो. साहजिकच उलगडा न करता कच्च्या संदेशात मराठी शब्द शोधल्यास तो सापडत नाही.

अंकांचाही प्रश्न येतो. पायथनमध्ये 'कोणताही अंक' दर्शवणारे सर्वसाधारण चिन्ह युनिकोड मजकुरातील देवनागरी अंक ओळखते. परंतु नमुन्यात शून्य ते नऊ हे आस्की अंकच लिहिले असतील, तर देवनागरी अंक सुटतात. '१,२५,०००' अशी रक्कम संख्येत बदलण्यापूर्वी तिच्यातील स्वल्पविराम काढावे लागतात.

मर्यादा

स्क्रिप्टला अर्थ कळत नाही, केवळ साचा कळतो. प्रेषकाने 'एकूण रक्कम' ऐवजी 'देय रक्कम' असे लिहिले, तर नमुना जुळत नाही. ही चूक निदान दिसून येते. चुकीचे मूल्य जुळणे अधिक धोक्याचे असते. उदाहरणार्थ, उत्तरादाखल आलेल्या ईमेलमध्ये खाली जुना संदेशही जोडलेला असल्यास नव्या रकमेऐवजी जुनी रक्कम उचलली जाऊ शकते आणि तक्ता मात्र बिनचूक भासतो. यासाठी न जुळलेले संदेश वेगळ्या यादीत ठेवणे, एकाच संदेशात दोन रकमा आढळल्यास तो तपासणीसाठी बाजूला काढणे आणि काही नोंदी मूळ संदेशाशी ताडून पाहणे आवश्यक असते.

सुरक्षितता व खासगीपणा

शीर्षभागातील प्रेषकाचे नाव बनावट असू शकते. त्यामुळे केवळ त्यावर विसंबून पैसे देण्यासारखी कृती आपोआप घडवून आणणे धोकादायक आहे. खात्याचा परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्यास ती धारिका इतरांना देताना तोही उघड होतो. त्याऐवजी सेवेने दिलेला स्वतंत्र व रद्द करता येणारा प्रवेश वापरला जातो.

संदेशांत इतरांची वैयक्तिक माहितीही असते. भारतात अशा डिजिटल माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. एरवी शेकडो संदेशांत विखुरलेले पत्ते व दूरध्वनी क्रमांक निष्कर्षणानंतर एकाच धारिकेत गोळा होतात आणि ती गहाळ झाल्यास होणारी हानी वाढते. म्हणून आवश्यक तेवढेच घटक वेचणे आणि काम संपल्यावर धारिका नष्ट करणे इष्ट मानले जाते.