श्रीलंकेतील निवडणुका व शांतताप्रयत्न

लोकशाही राष्ट्रांत परराष्ट्रीय धोरण हा निवडणूक प्रचाराचा सहसा दुय्यम विषय असतो. महागाई, बेकारी, अन्नधान्य हे प्रश्न मतदारास अधिक जवळचे वाटतात. तथापि देशांतर्गत संघर्षात शेजारी राष्ट्र किंवा परकीय मध्यस्थ गुंतला, की परराष्ट्रीय धोरण व शांतता हे दोन्ही विषय प्रचारसभांतून ऐरणीवर येतात. श्रीलंका हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे सिंहली बहुसंख्य व तमिळ अल्पसंख्य यांच्यातील तडजोडीचे अनेक प्रयत्न निवडणुकांतून उदयास आले आणि पक्षीय स्पर्धेमुळेच निष्फळ ठरले.

प्रारंभीचे करार : १९५६ च्या निवडणुकीत एस्. डब्ल्यू. आर्. डी. बंदरनायके यांनी सिंहली हीच एकमेव राजभाषा करण्याचे आश्वासन देऊन सत्ता मिळविली. त्यातून उद्‍भवलेला असंतोष शमविण्यासाठी त्यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते एस्. जे. व्ही. चेल्वनायकम् यांच्याशी प्रादेशिक मंडळे स्थापण्याचा करार केला. विरोधी युनायटेड नॅशनल पक्षाचे जे. आर्. जयवर्धने यांनी त्याविरुद्ध कँडीकडे मोर्चा काढला. बौद्ध भिक्षूंच्या दडपणाखाली १९५८ मध्ये बंदरनायके यांना करार रद्द करावा लागला. १९६५ मध्ये युनायटेड नॅशनल पक्षाचे पंतप्रधान डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम् यांच्याशी असाच करार केला. या खेपेस विरोध श्रीलंका फ्रीडम पक्षाने केला आणि जिल्हा मंडळांची योजना बारगळली. सत्तेवर असताना तडजोड आणि विरोधात असताना तिलाच विरोध, हा क्रम दोन्ही प्रमुख सिंहली पक्षांनी पुढेही चालू ठेवला.

या अपयशाची प्रतिक्रिया तमिळ मतदारांत उमटली. १९७७ मध्ये तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीने स्वतंत्र राज्याच्या मागणीवर निवडणूक लढवून १८ जागा जिंकल्या व ती प्रमुख विरोधी पक्ष बनली. १९८२ मध्ये संसदेची मुदत निवडणूक न घेता सार्वमताने वाढविण्यात आली. १९८३ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केल्यामुळे आघाडीच्या सदस्यांना संसदेतील जागा गमवाव्या लागल्या. परिणामतः सनदशीर मार्गाने बोलणारा तमिळ पक्ष संसदेबाहेर पडला आणि सशस्त्र संघटनांचे बळ वाढले.

भारताचा सहभाग : २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. त्यानुसार प्रांतिक मंडळे निर्माण झाली आणि भारतीय शांतिसेना उत्तर व पूर्व भागांत गेली. कराराला जोडलेल्या पत्रांत त्रिंकोमाली बंदराचा उपयोग भारताच्या हितास बाधक ठरेल असा होऊ न देण्याची हमी होती. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मात्र शांतिसेनेची उपस्थिती हाच वादाचा मुद्दा झाला. सत्तारूढ पक्षाचे उमेदवार रणसिंघे प्रेमदास यांनी ती परत पाठविण्याचे आश्वासन दिले, तर त्यांच्या प्रतिस्पर्धी सिरिमावो बंदरनायके यांचाही कराराला विरोध होता. प्रेमदास विजयी झाले. भारतातही १९८९ मध्ये सत्तांतर झाले आणि मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची अखेरची तुकडी परतली. तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिकांना प्राण गमवावे लागले होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे निवडणूक प्रचारासाठी आलेल्या राजीव गांधींची हत्या झाली.

शांततेचा कौल : १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंग यांनी वाटाघाटींचे आश्वासन देऊन ६२ टक्के मते मिळविली. जानेवारी १९९५ मध्ये सुरू झालेली शस्त्रसंधी लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम या संघटनेने एप्रिलमध्ये मोडली. सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी मांडलेला घटनेचा मसुदा ऑगस्ट २००० मध्ये विरोधकांनी संसदेतच जाळला. २००१ मध्ये शांततेच्याच आश्वासनावर रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले व नॉर्वेच्या मध्यस्थीने २२ फेब्रुवारी २००२ रोजी युद्धविराम करार झाला. एप्रिल २००३ मध्ये टायगर्सनी बोलणी स्थगित केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कुमारतुंग यांनी संरक्षणासह तीन खाती स्वतःकडे घेतली आणि २००४ मध्ये पुन्हा निवडणूक झाली.

२००५ च्या निवडणुकीत महिंद राजपक्ष यांनी जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाशी समझोता करून एकात्म राज्यव्यवस्था टिकविण्याचे व युद्धविरामाचा फेरविचार करण्याचे वचन दिले. टायगर्सनी उत्तरेत बहिष्कार लादला. जाफना जिल्ह्यात मतदान नगण्य झाले. राजपक्ष यांना ५०.२९ टक्के, तर विक्रमसिंघे यांना ४८.४३ टक्के मते पडली. दोहोंतील अंतर सु. १ लाख ८० हजार मतांचे होते. जानेवारी २००८ मध्ये युद्धविराम संपुष्टात आला व मे २००९ मध्ये टायगर्सच्या लष्करी पराभवाने युद्ध थांबले.

मूल्यमापन : या घटनाक्रमामागे काही रचनात्मक कारणे आहेत. लोकसंख्येत सिंहलींचे प्रमाण सु. तीन चतुर्थांश असल्याने दोन्ही मोठे पक्ष एकाच मतदारवर्गासाठी झगडत. १९७८ च्या संविधानाने घटनादुरुस्तीस दोन तृतीयांश बहुमत आवश्यक ठरविले, पण त्याचबरोबर प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धती आणल्याने असे बहुमत एका पक्षास मिळणे दुर्घट झाले. त्यामुळे तडजोडीस विरोधी पक्षाची संमती लागे आणि नेमका विरोधातच त्याचा लाभ असे. टायगर्सनीही मतपेटीपेक्षा शस्त्रावर भिस्त ठेवली व मतभेद असणाऱ्या अनेक तमिळ नेत्यांना ठार केले. मतदारांनी १९९४ व २००१ मध्ये शांततेला कौल दिला, हे येथे लक्षणीय आहे. जनमत शांततेच्या विरोधात होते, असे यावरून म्हणता येत नाही. निवडणुकीने वाटाघाटी सुरू करण्याचा अधिकार दिला. परंतु त्या पूर्णत्वास नेण्यासाठी पक्षांपक्षांत जे किमान मतैक्य लागते, ते प्रचाराच्या स्पर्धेतून निर्माण झाले नाही.