गायरानातला गोल्फ

नैऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात, अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात अशा किनाऱ्यावर, नॉर्दम बरोज नावाचे गायरान आहे. आज ‘रॉयल नॉर्थ डेव्हन’ म्हणून ओळखला जाणारा गोल्फ क्लब तिथे १८६४ साली सुरू झाला. मूळच्याच जमिनीवर आजवर खेळ चालू असलेले हे इंग्लंडमधले सर्वांत जुने मैदान मानले जाते. या जमिनीवर खेळाडूंच्याही आधी हक्क पोचतो तो नॉर्दमच्या गावकऱ्यांचा. गावात ज्या घरी चूल पेटते, त्या घराला इथे जनावरे चारण्याचा पिढीजात हक्क आहे, आणि या हक्कदारांना ‘पॉटवॉलोपर’ म्हणतात. त्यांच्या मेंढ्या आणि घोडी आजही फेअरवेवर चरतात. चेंडू मारायचा तर ही जनावरे बाजूला होण्याची वाट पाहावी लागते. गोल्फचा इतिहास लिहिणारे या मैदानाचे श्रेय स्कॉटलंडहून आलेल्या ओल्ड टॉम मॉरिसला आणि १९०८ साली त्याची फेररचना करणाऱ्या हर्बर्ट फाउलरला देतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली अशी जुनी, फारशी नावाजलेली नसलेली मैदाने आपल्या मूळ रूपात टिकली, कारण गोल्फवाल्यांना त्या जमिनीवर मनमानी करता आली नाही. गावाच्या सामाईक हक्कांनी त्यांचे हात बांधून ठेवले होते, आणि त्या बंधनातच या मैदानांचे खरे वैशिष्ट्य आहे.

हे हक्क टिकवायला मोठा झगडा करावा लागला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधली लाखो एकर सामाईक जमीन कुंपणे घालून खासगी करण्यात आली. लंडनच्या वायव्येला बर्कहॅमस्टेडचा माळ आहे. १८६६ च्या सुरुवातीला लॉर्ड ब्राउनलो या जमीनदाराने त्यातल्या चारशेहून अधिक एकरांना लोखंडी कुंपण घातले. माळावर हक्क असलेले ऑगस्टस स्मिथ यांनी कोर्टाची पायरी चढण्याआधी लंडनहून खास रेल्वेने शंभराहून जास्त मजूर आणवले, आणि ६ मार्चच्या रात्रीतून ते कुंपण उखडून जागच्या जागी रचून ठेवले. सकाळी गावकरी आपल्या माळावर मोकळेपणाने फिरू लागले. पुढे खटल्याचा निकालही १८७० मध्ये स्मिथ यांच्या बाजूने लागला. त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या, १८६५ साली स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीचे वकील रॉबर्ट हंटर हेच १८९५ साली नॅशनल ट्रस्ट उभारणाऱ्या तिघांपैकी एक. या माळावर १८९० मध्ये गोल्फ आला, तो हा निकाल लागल्यानंतर वीस वर्षांनी. म्हणजे क्लब आला तेव्हा जमिनीचा प्रश्न सुटलेला होता, आणि तो गावाच्या बाजूने सुटलेला होता. आज माळाचा काही भाग क्लबच्या मालकीचा आहे, तरी तिथे वाळूचा एकही बंकर नाही. माळावरचा ग्रिम्स डिच हा प्राचीन चर आणि पहिल्या महायुद्धात सरावासाठी खोदलेले खंदक आसपास आहेतच.

ससेक्समधल्या अ‍ॅशडाउन फॉरेस्टची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे १६९३ साली जंगलाची वाटणी होऊन सुमारे ६,४०० एकर जमीन हक्कदारांसाठी राखली गेली. एकोणिसाव्या शतकात जमीनदार आणि हक्कदार यांच्यात वाद पेटला, आणि १८८५ च्या कायद्याने कारभार कॉन्झर्वेटर्स या मंडळाकडे आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, तिथे गोल्फ क्लब निघाला. मंडळाच्या परवानगीशिवाय जमीन खणता येत नव्हती, म्हणून या मैदानावर आजतागायत एकही बंकर नाही. त्याची उणीव मात्र भासत नाही. हेदरची चिवट झुडपे, ओढे, नेच्यांनी भरलेले उतार आणि वाऱ्याचा मारा एवढे खेळाडूची कसोटी पाहायला पुरेसे ठरतात. बंकर मुळात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून आला. टेकडीवरच्या माळावर तो आणून ठेवणे म्हणजे उसना अडथळा घेणे. हेरफर्डशरमध्ये ब्रॅडनर हिलवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२८० फुटांवर असलेले किंग्टनचे मैदान इंग्लंडमधले सर्वांत उंचावरचे अठरा होल्सचे मैदान, तेही बंकरविना. ग्लॉस्टरशरमधल्या मिंचिनहॅम्प्टनच्या जुन्या मैदानावर १८८९ पासून खेळ चालू आहे. लोहयुगातल्या मातीच्या बांधांवरून चेंडू मारावा लागतो, आणि उन्हाळ्यात गायी सोडल्या की त्याही मैदानाच्या मानकरी होतात. शेजारच्या पेन्सविकला तर खेळ प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या तटबंदीला बिलगून चालतो. ही वळणे आराखड्याच्या कागदावर काढता येत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी उचललेली माती कुणी सपाट करू शकले नाही, म्हणून ती खेळात आली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो रास्त आहे. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. गावाच्या जमिनीवर त्यांनी झेंडे रोवले आणि गावकऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या पिशव्या उचलणे आले. जॉन हेन्री टेलरचे आयुष्य याचा पुरावा म्हणून सांगता येते. १८७१ साली नॉर्दममध्ये गरीब घरात जन्मलेला हा मुलगा कॅडी म्हणून त्याच गायरानावर राबला. तिथेच खेळ शिकून त्याने १८९४ ते १९१३ दरम्यान ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकली. व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९०१ मध्ये उभी राहिली, तीत तो अग्रणी होता. ज्या क्लबात त्याने पोरवयात ओझी वाहिली, त्याचे अध्यक्षपद त्याला १९५७ मध्ये मिळाले. एवढ्यावरून भेद नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र जमीन सामाईक असल्याने गावच्या पोराला तिथून हाकलता येत नव्हते, हे महत्त्वाचे. अ‍ॅशडाउनमध्ये १८९२ साली निघालेला कँटलूप हा कारागीर-कामगारांचा क्लब आणि त्यातून पुढे आलेला एब मिचेल हाही याच मातीतला. रायडर कपच्या झाकणावरची छोटी मूर्ती या मिचेलची आहे. भिंत घातलेल्या खासगी उद्यानात असा मुलगा घडला असता का, याची मला दाट शंका वाटते.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. गोल्फ म्हणजे खते, औषधे, पाण्याची उधळपट्टी, ही तक्रार अनेक नव्या मैदानांबाबत खरीच आहे. पण माळरानावरच्या मैदानात ग्रीन वगळले तर बहुतेक गवत जनावरे कापतात. हेदरचा माळ आणि चुनखडीवरचे पातळ मातीचे कुरण या दोन्ही गोष्टी चराईमुळे टिकतात. चराई थांबली की बर्च, नेचे आणि काटेरी झुडपे चाल करून येतात. मिंचिनहॅम्प्टन आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांतला क्लीव्ह या दोन्ही माळांना त्यांच्या वनस्पती आणि कीटकजीवनासाठी शास्त्रीय महत्त्वाच्या जागांचा दर्जा आहे. खरी चिंता वेगळीच आहे: हक्क असूनही जनावरे पाळणारी घरे कमी होत चालली आहेत. गोल्फ हा गुराख्याचा पर्याय ठरू शकत नाही, आणि क्लबांनी तसा दावा करू नये.

तिसऱ्या आक्षेपात सर्वांत जास्त दम आहे. ही मैदाने हक्कांमुळे नव्हे, तर चढ, वारा आणि निकृष्ट माती यांमुळे वाचली; तिथे बांधकाम करून कुणाला काय मिळणार होते? पण बर्कहॅमस्टेड लंडनपासून रेल्वेच्या टप्प्यात होते, आणि कुंपण घालणाऱ्याला त्या जमिनीची किंमत नीट कळत होती. १९२५ च्या मालमत्ता कायद्याने सामाईक जमिनीवर सरकारी संमतीविना बांधकाम आणि कुंपण यांना बंदी केली, ती अशा जागांवर डोळा होता म्हणूनच. उलट २००० सालच्या मोकळ्या वावराच्या कायद्याने गोल्फ मैदानांना त्यातून वगळले. म्हणजे जिथे जुने हक्क नव्हते, तिथे गोल्फने दार लावून घेतले. हा फरक कॉट्सवोल्ड टेकड्यांतल्या सर्वोच्च माथ्यावरच्या क्लीव्ह हिलने अलीकडेच दाखवून दिला. १८९१ पासूनचे हे मैदान २०२१ च्या सुमारास कायमचे बंद पडण्याच्या बेतात होते. नवे चालक पुढे आले आणि खेळ वाचला. पण ते आले नसते, तरी माळ विकला गेला नसता आणि मेंढ्यांची चराई, लोकांच्या पायवाटा, लोहयुगीन बांध जिथल्या तिथे राहिले असते. गोल्फ तिथे कुळ म्हणून होता.